तात्यांच्या नावाचा रकाना

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. आजही कृपा करून कुणी मला उतारा सुचवू नये. जे झालं ते भर दुपारी झालं, शुद्धीत असताना झालं...

कुपवाडच्या एका छोट्या वर्कशॉपसाठी मी मशिनच्या भागांची ड्रॉइंग्ज करतो. आठवड्यातले तीन दिवस मेढ्याच्या घरून. लॅपटॉप उघडला, की इंटरनेटवरून कुपवाडचा कॉम्प्युटर जसाच्या तसा समोर! तो कॉम्प्युटर तात्यांचा — बावीस वर्षं तिथं काढलेले, मला हे काम हाताला धरून शिकवणारे. मालकांनी दुसरा लॉगिन घेतलाच नाही, म्हणून मीही तात्यांच्याच नावाने आत शिरायचो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, कुणी काढलं त्या रकान्यात, आपोआप त्यांचंच नाव पडायचं.

गेल्या वर्षी घरून काम करताना मी एक माप चुकवलं. पंचेचाळीसच्या जागी चाळीस. शाफ्टची अख्खी खेप भंगारात गेली. मालकांनी फक्त नाव बघितलं, आणि ठपका तात्यांवर आला.

तात्यांनी मला जिन्याखाली गाठलं. "गड्या, ती फाईल तू उघडलीतीस का रं?"

"न्हाई, तात्या."

तात्या डबा उचलून पलूसला घरी गेले, ते कायमचेच. चार महिन्यांत वारले. मी मातीला गेलो होतो — तोंड वर करून.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी मेढ्याहून कॉम्प्युटर जोडला, आणि कर्सर आपोआप हलू लागला. मी माऊसवरचा हात काढला. तेच शाफ्टचं ड्रॉइंग उघडलं. चाळीसच्या आकड्याभोवती कर्सर तीनदा फिरला... चूक दाखवताना तात्या नेमकं असंच करायचे.

मी वर्कशॉपला फोन लावला. "तात्यांच्या कॉम्प्युटरवर कोण बसलंय?"

"आवं, कोण बसतंय? सकाळपास्नं लाईट न्हाई. समदं बंद हाय," वॉचमन म्हणाला.

स्क्रीनवर कर्सर खाली सरकला. नावाच्या रकान्यात जाऊन थांबला. तिथलं नाव पुसलं गेलं... आणि रिकाम्या जागी कर्सर लुकलुकत राहिला. माझी वाट बघत.

नुसतं माझं नाव टाईप करायचं होतं. तेही जमलं नाही मला. मी लॅपटॉप मिटला.

बंद कॉम्प्युटर जोडला कसा गेला, कुणालाच सांगता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कुपवाडला जाऊन मी ती फाईल उघडली. रकाना खरोखरच रिकामा होता. मालक बघायच्या आत मी घाईघाईने तो भरला.

पुन्हा तात्यांचंच नाव टाकलं.