साळुंक्यांना पाठ झालेली गाणी

निकलास हुफकीला काही समजावायचं म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्याला दार वाजवून आत यायला सांगायचं. केपटाउनच्या रंगभूमीवर काम करताना मी एकाहून एक हट्टी नट पाहिले, पण पडदा पडल्यावर तरी ते ऐकायचे. याचा पडदा पडतच नाही.

निकलास आमच्या चर्चच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवतो. त्या अजस्र पितळी वाद्याला मिठी मारून तो बसला, की कोणी कोणाला धरलंय तेच कळत नाही. पोटासाठी मात्र तो द्राक्षमळ्यात पाखरं हाकतो. इथे समुद्राचं धुकं दुपारपर्यंत वेलींवर बसून राहतं आणि द्राक्षं पिकता पिकत नाहीत. म्हणूनच आमच्या लाल वाइनला मिरीचा झणका येतो, असं शहरातले लोक डोळे मिटून सांगतात. येऊ दे की! पण तोवर साळुंक्या थांबतात का? जाळी लावली तर वारा ती उचलून शेजारच्या मेंढ्यांवर पांघरतो. डबे बडवले तर पाखरं डब्यावरच येऊन बसतात.

मग या शहाण्याने मळ्यात ट्यूबा नेला.

"सूस लीया, पळाल्या गं सगळ्या! एका सुरात!" मला तो सूस म्हणतो. बहीण मानतो, पण ऐकत नाही.

"आणि उद्या?"

"उद्या दुसरं गाणं. तेच तेच ऐकलं की त्यांची भीती मोडते."

अशी आमची सगळी स्तोत्रं त्याने पाखरांवर उधळली. एकच राखून ठेवलं, ईस्टरच्या पहाटेचं. त्या पहाटे बँड अंधारातून दफनभूमीत जातो आणि सूर्य उगवताना गेलेल्यांना ते गाणं ऐकवतो. यंदा तिथे बायकांच्या बाजूला त्याच्या बायकोची, माग्रीताची कबर होती, गेल्या हिवाळ्यातली, नवी. "माझी वेळ आली की नीट वाजव हं," असं ती त्याला कायम बजावायची.

आणि नेमकं यंदा थंडीने कहर केला. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा उजाडला तरी शिराझची द्राक्षं वेलीवरच. फुंकून फुंकून निकलासचे ओठ सुजले, मग फाटले.

"अरे, ईस्टरला काय वाजवणार? कपाळ?"

"शनिवारी तोडणी आहे. तोवर सांभाळतो."

"मळा मालकाचा, ओठ तुझे!"

"वेली माग्रीताने लावल्यात," तो म्हणाला. मी मलम लावलं आणि शिव्या घातल्या.

शनिवारी आम्ही बायका ईस्टरसाठी कबरींना चुना लावत होतो. एवढ्यात मळ्याकडून सूर आले. ईस्टरचं गाणं! हातातला कुंचला टाकून मी तरातरा गेले. तोडणीवाल्या बायका वाकून घड कापत होत्या, वर साळुंक्यांचा ढग फाकत होता आणि निकलासच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं.

"हे काय केलंस?"

"बाकी सगळी त्यांना पाठ झाली होती, सूस."

ईस्टरच्या पहाटे त्याचा ओठ वांग्याएवढा झाला होता. पाद्रीबाबा म्हणाले, "ब्रदर निकलास, आज नुसते उभे राहा." छे! ट्यूबा तोंडाला लावलाच. हंबरायला लागलेल्या म्हशीला ठसका लागावा, तसा एक सूर निघाला. आणि भिंतीपलीकडच्या निलगिरीवरून झाडून सगळ्या साळुंक्या उठल्या आणि कबरींवरून घाबरून उडाल्या. हे गाणं त्यांनी एकदाच ऐकलं होतं ना!

बँड थांबला. कोणीतरी खुदकन हसलं. मग निकलासच हसला, ओठ पुन्हा उलला आणि वाजवणं संपलं. बाकीच्यांनी त्याच्याविना गाणं पुरं केलं. तो माग्रीताच्या कबरीशी बसून ट्यूबाच्या पितळेवर तळव्याने ठेका देत राहिला.

मी रुमाल पुढे केला. "झालं समाधान? हेच नीट वाजवणं?"

"पोट धरून हसली असेल ती," तो रुमालातून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सूस, तुझ्या नाटकांतली गाणी शिकव ना मला. पुढच्या हंगामाला पाखरांसाठी काहीतरी नवं लागेल."