चार तासांवरचं रियाध

घोडेगावच्या फाट्यावर मुंबईची एसटी आली, तेव्हा अब्बांनी एकच विचारलं, "रियाध किती लांब हाय रं?" अब्बा म्हणजे माझे वडील, जनावरांच्या बाजारातले दलाल. उभा जन्म बैल चालवत नेण्या-आणण्यात गेलेला. वाटेत जनावराला किती वेळा पाणी पाजावं लागतं, यावरून त्यांना अंतर कळायचं. मी नागापूरच्या कारखान्यातून नुकताच कमी केलेला फिटर, पण तोरा असा की विमान जणू मीच चालवणार. म्हणालो, "पावणेतीन हजार किलोमीटर. पण विमानाला चारच तास. पुण्याला जाण्याइतकंच."

"मंग काय, पानीबी पाजायला नगं," अब्बा म्हणाले. पुढं तीन वर्षं बाजारात भेटेल त्याला ते सांगत राहिले, पोरगं चार तासांवर हाय.

मी खोटं बोललो नव्हतो. मात्र त्या चार तासांच्या आधी काय काय असतं, ते एकाही पत्रात लिहिलं नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. बाहेर पडायचं तर मुदीराची, म्हणजे आमच्या साहेबाची सही, मग सरकारी शिक्का, मग तिकीट. मुंबईत उतरल्यावर घोडेगाव आणखी आठ तास. घरचे उगाच काळजीत पडतील, असं मी स्वतःला समजवायचो. खरं तर मला लाज वाटायची.

चौथ्या उन्हाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी, कंपनीच्या कामगार-कॅम्पच्या फोनवर थोरला भाऊ बोलला. "अब्बा गेले. पहाटं छातीत कळ आली." मग म्हणाला, "दुपारच्या नमाजनंतर माती द्यायची म्हनत्यात. का तुज्यासाठी थांबायचं?"

आमच्यात मय्यत ठेवत नाहीत. होईल तितक्या लवकर दफन, हा गेलेल्या माणसाचा हक्क. मला ते ठाऊक होतं. शुक्रवारी इथली सगळी ऑफिसं बंद असतात, हेही ठाऊक होतं. तरी तोंडून गेलं, "थांबा. मी निघालोच."

आणि ते थांबले. नगरहून बर्फाच्या लाद्या आणल्या. मौलाना दोनदा येऊन समजावून गेले. अम्मी प्रत्येकाला सांगत होती, "चार तासाचं तर हाय, येईल." हे सगळं मला नंतर कळलं. इकडं मुदीर सुट्टीवर आणि कपाटाला कुलूप. मी उलट फोन करून 'आटपून घ्या' म्हणायला हवं होतं. नाही केला. अब्बांचा चेहरा एकदा बघायचा होता, त्यापलीकडं मला काही सुचतच नव्हतं.

शनिवारी दुपारी बर्फ पुरेना, तेव्हा भावानं मय्यत उचलायला सांगितलं. मी पोचलो सोमवारी. कबरीवरची माती वाळली होती. भाऊ माझ्याशी बोलला नाही. अम्मी बोलली, डोळ्यांत टिपूस नव्हता. "त्यांनी जल्मात कुनाला ताटकळत ठेवलं न्हाई. शेवटी तेच ताटकळले."

नेवाशाची, नगरची कितीतरी पोरं आता इकडं येतात. त्यांना माझं सांगणं आहे, घरी खरं लिहा, सही-शिक्क्यासकट लिहा. निघालो तेव्हा मला वाटायचं, घर म्हणजे आपली वाट बघणारी माणसं, आणि त्याचा केवढा आधार होता. आता त्याचीच धास्ती वाटते. अम्मी थकली आहे. दर फोनवर मी तिला म्हणतो, काही झालं तर माझ्यासाठी थांबू नका. ती जेवलास का विचारते, तब्येत विचारते. 'बरं' मात्र अजून एकदाही म्हणालेली नाही.