मशीनखालच्या विटा

बदलापूरच्या आमच्या सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले ते मी. सेक्रेटरी मी आणि हट्टही माझाच. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात काढलेली. मळकं, वाकडं-तिकडं मला बघवत नाही. ब्लॉकच्या फटींतून गवत डोकावायला लागलं तेव्हा मी त्या फटीही सिमेंटने बुजवल्या. आवार ताटासारखं लख्ख झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून ते बघत मी चहा प्यायची.

त्याच पावसाळ्यात तळमजल्यावरच्या मावशींच्या घरात पाणी शिरलं. मावशी एकट्या, ब्लाऊज शिवून पोट भरणाऱ्या. त्यांनी शिलाई मशीनच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा घातल्या. पुढच्या वर्षी पुन्हा पाणी, तिसऱ्या वर्षी पुन्हा. आधी मला ‘वहिनी’ म्हणायच्या, आता ‘सेक्रेटरीबाई’ म्हणू लागल्या. मी पालिकेला, गटाराला, समोरच्या नव्या टॉवरला, सगळ्यांना दोष देऊन मोकळी. मग एक दिवस त्यांनी सांगून टाकलं की अजून एकदा पाणी आलं तर घर विकून शहाडला लेकीकडे जाणार. सगळी गिऱ्हाइकं इथली. तिथे जाऊन त्या नुसत्या बसून राहणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

माझे डोळे उघडले ते दूधवाल्या काकांनी. आमची इमारत उभी आहे ती त्यांच्याच भातखाचरावर. कॅन खाली ठेवून ते आवाराकडे बघत म्हणाले, “आमचे खाचरान पानी उभा रव्हायचा, मंग जिरायचा. तुमी जमिनीचा तोंडच बुजवलाव, ताई. ती पानी पिल कशी?”

मला राग आला, खरं बोचलं की येतो तसा. दोन दिवस धुसफुसले आणि तिसऱ्या दिवशी मीटिंग लावून ठराव मांडला: ब्लॉक उखडायचे. लोक हसले, गाडीवाले भांडले. मी म्हटलं, चूक माझी आहे आणि ती निस्तरल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. अखेर कुंपणालगतची मातीची एक पट्टी पदरात पडली आणि मावशींच्या दारासमोर एक शोषखड्डा. गच्चीवरचं पाणी पाइपने खड्ड्यात सोडायचं, खड्ड्यात दगड भरायचे, म्हणजे पाणी सावकाश जमिनीत मुरेल.

खड्डा खणून झाला आणि मी अंबरनाथला एका लग्नाला गेले. संध्याकाळी परत येऊन बघते तर मिस्त्रीने खड्ड्याला तळासकट गुळगुळीत प्लास्टर केलेलं. मी तोंड सोडलं. तो बिचारा म्हणाला, “कच्चा गड्ढा अच्छा नहीं दिखता, ताई. आपको तो सब एकदम साफ मंगता है ना.”

माझीच कीर्ती माझ्यापुढे उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून, छिन्नी-हातोडा घेऊन मी शिडीने खड्ड्यात उतरले. थोड्या वेळाने मिस्त्रीही ओशाळून खाली आला. दुपारपर्यंत तळाचा मुरूम उघडा केला, हाताला फोड आले. मग दगड भरले. पट्टीच्या कडेला लावायला मात्र विटा थोड्या कमी पडल्या. मावशी दारातून सगळं बघत होत्या. चहा काही विचारला नाही.

जुलैत पावसाने झोडपून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली जाऊन मावशींच्या दारात उभी राहिले. पहिली पायरी बुडाली, मग दुसरी. तिसरीच्या वर उंबरठा. मी घाबरले होते, लपवायचं कशाला. मावशी कापडाचे गठ्ठे पलंगावर चढवत होत्या. पाऊस तसाच कोसळत होता, पण पाणी तिसऱ्या पायरीला टेकून थबकलं. तासाभराने दुसरी पायरी दिसू लागली. पट्टीवरची माती बुडबुडे सोडत पाणी पीत होती. आम्ही दोघी बघत राहिलो.

पाऊस उघडल्यावर एका सकाळी खिडकीत चहा घेऊन उभी होते. खाली मावशी दोन-दोन विटा उचलून पट्टीच्या कडेला आणून ठेवत होत्या. मी धावत खाली गेले, म्हटलं, मावशी, या वयात हे काय? त्यांनी कंबरेवर हात ठेवून श्वास घेतला.

“आठ आहेत. मशीन खाली घेतलं मी,” त्या म्हणाल्या. “उंचावर हात पोचत नव्हते नीट, वहिनी.”