पेवात सोडलेला कंदील

मी देवळात गेले तरी हात जोडायच्या आधी खांब मोजणारी बाई आहे. इंटिरियर डिझायनर, ऑफिस राजारामपुरीत. वाचकांच्या अजब अनुभवांचा हा कॉलम मी टाइमपास म्हणून वाचायचे आणि लिहिणाऱ्यांना मनसोक्त हसायचे... आता हसायची पाळी तुमची!

जयसिंगपूरच्या रस्त्याला माझ्या क्लायंटचं, धनंजयचं शेत आहे. तिथे जुनी पेवं होती, म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खोदलेले खड्डे, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं. कित्येक वर्षं रिकामीच. धनंजयला तिथे म्युझिक लाउंज हवा होता. आम्ही तीन पेवं आतून जोडली, बाजूने जिना काढला आणि मधल्या पेवाचं वरचं तोंड तसंच ठेवलं. खाली नुसती टिचकी वाजवली तरी घुमायची. स्वतःच्या कामावर मी इतकी खूश कधीच नव्हते!

उद्घाटन संध्याकाळी साडेसहाला. पाहुणे जमले, पोरंटोरं नाचायला उतावीळ झालेली — आणि धनंजयचे आजोबा, पंच्याऐंशी वर्षांचे तात्या, जिन्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभे.

"कंदील सोडल्याबिगार पेवात कुणी उतरायचं न्हाय."

पूर्वी पेव उघडलं की आधी दोरीने कंदील सोडायचे. विझला तर आतली हवा खराब. मला हे ठाऊक होतं, म्हणून तर सजावटीला मी एक कंदील ऑनलाइन मागवला होता. दिसायला अस्सल, आत एलईडी आणि बॅटरी. म्हाताऱ्याचं मन राखावं म्हणून तोच दोरीला बांधून वरच्या तोंडातून सोडला. तळ हातभर राहिला — आणि कंदील विझला.

वर ओढला, तर लागला! परत सोडला... परत विझला.

"मॅडम, चायना माल," धनंजय पुटपुटला. पाहुणे खिदळायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इझला न्हवं? मग न्हाय उतरायचं," तात्या म्हणाले.

"अहो तात्या, हा बॅटरीवर चालतो. ह्याला हवा लागतच नाही!"

"त्येला म्हाईत हाय व्हय त्ये?"

सगळे पोट धरून हसले. तात्यांनी मात्र घरातून रॉकेलचा खरा कंदील मागवला आणि स्वतः सोडला. त्याच उंचीवर ज्योत गप्पकन गेली. आता कुणी हसलं नाही.

आणि मला आठवलं... ड्राय आइस! धुक्याच्या इफेक्टसाठी दुपारीच मी खाली टब भरून ठेवायला लावले होते. ठेवून आलेला माणूस डोकं दुखतंय म्हणाला, तर मी शहाणीने त्याला चहा पाजला. त्या बर्फातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जड, तळाला साचणारा. आणि मी हवा खेचणारे पंखे लावलेले छताजवळ. अजून पाच मिनिटांत ती सगळी पोरं खाली असती. मी तिथेच मटकन बसले आणि सगळ्यांसमोर रडले.

"रडतीस कशाला गं? कोण मेलंय व्हय? ए धन्या, स्पीकर खळ्यावर लाव की!"

मग काय... उघड्यावर गाणी, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली आणि मधोमध काठी टाकून नाचणारे तात्या! डोळे पुसत मीही नाचले. जिवंत असण्याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

पुढे पंखे तळाशी आणले, ड्राय आइस कायमचा बाद केला. मग दोन्ही कंदील सोडले, दोन्ही झकास लागलेले. तात्या सगळ्यांत आधी उतरले.

पण तो एलईडी? इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिला, काही दोष नाही. गारठ्याने झालं असेल म्हणून मी गच्चीवर ड्राय आइसच्या बादलीत तो तासभर टांगला. एकदाही विझला नाही. खऱ्या कंदिलाचं मी तुम्हाला फळ्यावर लिहून समजावेन, ह्याचं मला आजही सांगता येत नाही.

तात्यांना विचारलं, तर म्हणाले, "भूतबीत काय न्हाय. कंदील म्हणून आणलंस न्हवं त्येला? मग त्येनं कंदिलाचं काम केलं की!"

आता रोज लाउंज उघडायच्या आधी आम्ही दोन्ही कंदील खाली सोडतो. पहिला मान बॅटरीवाल्याचा.