फाल्गुनात कोंडलेला महादेव

देवाचा अनुभव सांगणारी माणसं बहुधा भाविक असतात. मी नव्हते. गुरवाच्या घरात लग्न होऊन आले, म्हणून सकाळी उठून गाभारा झाडायचा, पाणी आणायचं, बेल खुडायचा, एवढं माझ्या वाट्याला आलं. माझे मालक पटकीच्या साथीत गेले त्या वर्षापासून मी महादेवाशी नीट बोलणं टाकलं. पूजा टाकली नाही. सासऱ्यांचे डोळे गेलेले, घरात तिसरं माणूस नाही, आणि देवाला पारोसा ठेवला तर गाव काय म्हणेल? पण घागर मी त्याच्यावर आदळल्यासारखी ओतायची. घरचं माणूस वाचवता आलं नाही, आंघोळ मात्र रोज पाहिजे, असं मनात यायचं आणि कधी कधी तोंडावाटे निघूनही जायचं. सासरे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, रझाकारांचे दिवस यायच्या बऱ्याच आधीची. आमचं गाव गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. आम्ही तिला गंगाच म्हणतो. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांची नातवंडं तिथं अजून नांदताहेत. गंगेच्या दरडीवर काळ्या दगडाचं फार जुनं देऊळ आहे. बाहेरच्या भिंतीवर दगडी बायका आहेत: एक आरशात बघणारी, एक पायातला काटा काढणारी, एक पोराला कडेवर घेतलेली, आणि एक न्हाऊन केस पिळणारी, तिच्या केसांतून ठिबकणारं पाणी खाली हंस पितोय. आत पायऱ्या उतरून खोल गाभारा, मधोमध पिंड, आणि पिंडीच्या मागे कोनाड्यात उभी गिरजाई. कमरेएवढी मूर्ती, भिंतीपासून सुटी. गावात नवी सून आली की पहिली ओटी गिरजाईची.

हिवाळ्यात दौऱ्यावर निघालेले अंमलदार आणि त्यांचे पाहुणे औंढ्याचं देऊळ, नेमगिरीची लेणी, चारठाण्याचा उंच खांब असं बघत बघत आमच्याकडेही वळायचे. त्यांना देऊळ दाखवायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण सासऱ्यांना दिसत नव्हतं आणि पाटलाला त्यातलं काही येत नव्हतं. ते काम मात्र मी जीव लावून करायची. आरसेवाली सकाळच्या तिरप्या उन्हात बघावी, काटेवाली दुपार कलल्यावर. पदर पुढं ओढून, पण खणखणीत आवाजात मी सांगायची, आणि जो घाईघाईनं पुढं पळेल त्याला हटकून मागं बोलवायची. देवावर माझा राग होता, त्याच्या घरावर नव्हता.

त्या माघात हैदराबादेहून एक बडे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. जोडे बाहेर काढले, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, दिवा धरायला लावून गिरजाईकडं उभ्यानंच बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, चला, कदर करणारं कोणी भेटलं. चार दिवसांनी पाटील दारात येऊन उभा राहिला.

"सायबाला गिरजाई लय आवडलीय. त्येंच्या बंगल्यात जुन्या वस्तूंची खोली हाय म्हनं. फाल्गुनात ह्याच वाटंनं माघारी जायलेत, तवा गाडीत घालून नेतेत."

"आन् तुमी हो म्हनलाव?"

"म्या कोन हो म्हननार? हुकूम हाय. दगूडच हाय की शेवटी. दुसरा घडवून बसवू."

पाटलाला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो गेल्यावर तशीच उठले, देवळात गेले, आणि भर दुपारी गाभाऱ्यात उभी राहून महादेवाला धारेवर धरलं. म्हटलं, माझं माणूस गेलं तेव्हा गप्प बसलास, ते मी सोसलं. आता तुझी बायको गाडीत घालून न्यायला निघालेत, तरी तुझ्या तोंडून ब्र निघत नाही? मग कशाचा देव तू? असं कोनाड्याकडं पाठ करून बसायचं असेल तर तुला बसवतेच.

आमच्याकडं पाऊस ओढ देतो तेव्हा महादेव कोंडतात. गावातल्या बायका ओलेत्यानं गंगेच्या घागरी आणून गाभारा भरतात, पिंड पाण्याखाली जाते, मग दार लावून चिखलानं लिंपतात. पाऊस पडेपर्यंत ते दार कोणी उघडत नाही. पाटील नाही, सरकार नाही. देवाचा श्वास कोंडला की तो आपोआप हालचाल करतो, अशी समजूत. पण हे करायचं ते आषाढ-श्रावणात, आभाळ कोरडं पडल्यावर. फाल्गुनात महादेव कोंडल्याचं कोणी ऐकलेलं नव्हतं.

सासऱ्यांना सांगितलं तर ते बाजेवर उठूनच बसले. "अगं, ज्वारी काढून शेतात आडवी पडलीय. त्यानं ऐकलं आन् पाऊस धाडला तर गावाच्या तोंडात माती पडंल!"

"म्या पाऊस मागायलेच न्हाई, मामा. म्या त्येला म्हनलंय, तुझी बायको तू सांभाळ."

त्यांनी उशाची काठी चाचपून हातात घेतली. मग म्हणाले, "आपली पूजा हाय तवर दार आपलं. कर."

पुरुषांनी ऐकून डोक्याला हात लावला. ज्याची त्याची ज्वारी शेतात, आणि ही बया पावसाच्या देवाला डिवचायला निघाली! घरोघर भांडणं झाली. पण बायका आल्या. प्रत्येकीनं गिरजाईची ओटी भरलेली होती, आणि प्रत्येकीला कधी ना कधी कोणीतरी तिचं म्हणणं न विचारता इकडून तिकडं नेलेलं होतं. ओलेत्यानं, अनवाणी, आम्ही सकाळपासून घागरी वाहिल्या. गाभाऱ्यातलं पाणी ज्या गोमुखातून बाहेर जातं त्याला आतून चिंध्या आणि चिखलाचा बोळा मारला. पिंड बुडाली, गिरजाईच्या पावलांना पाणी लागलं, तेव्हा मी पायऱ्या चढून बाहेर आले आणि दार लिंपून घेतलं. त्या दिवसापासून पूजा उंबऱ्यावर.

साहेबांच्या गाड्या यायच्या दिवशी सकाळीच आभाळ भरून आलं. खरंच भरून आलं. सोनपेठच्या बाजूनं काळे ढग चढायला लागले आणि शेतकरी माझ्याकडं असे बघू लागले, जणू मी त्यांच्या घराला काडी लावलीय. पाटील हात जोडून म्हणाला, "बाई, उघड आता. त्येला ऐकू गेलं." मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण मी दाराला पाठ लावून बसले, माझ्या शेजारी बायका बसल्या. मनात एकच चाललं होतं: तुला पाऊस म्हटलं नव्हतं रे, नीट ऐक तरी.

गाड्या आल्या. पहारी घेतलेली माणसं उतरली. साहेबांनी पाटलाला विचारलं, पाटलानं अडखळत सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला आठी घातली आणि दार मोकळं करा म्हणाले. मी उठले नाही. म्हटलं, "फोडायचं तर फोडा. पन आतला धनी बाहेर आला तर त्येला काय सांगायचं त्ये तुमचं तुमी ठरवा." पहारवाले एकमेकांकडं बघू लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला, पण बाईमाणसाला हात धरून उठवावं असा तो माणूस नव्हता, आणि तशी माणसंही त्यांनी सोबत आणली नव्हती. असा पेच पडून आम्ही सगळे थांबलो.

मागं पडदे लावलेली एक दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, उभी होती. तिच्यातून एक दासी उतरून आली आणि मला म्हणाली, आईसाहेब बोलवताहेत. मी गेले. पडदा थोडा सरकला. आत साहेबांची आई, पांढऱ्या केसांची, बारीक. म्हणाल्या, "ये औरतां कायकू बैठे?" मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मुलासोबत मी पुष्कळ मुलुख फिरले, किल्ले, मकबरे, लेणी. "सब जगा गई, कुच बी नै देखी. पडदे की फट में से जित्ता दिखा, उत्ता."

मला काय वाटलं कोण जाणे. देऊळ दाखवायची सवय होती म्हणा, की त्या फटीची चीड आली म्हणा, मी म्हणाले, "आत न्हाई दावता यायचं. पन बाहेरच्या बाया दावते. पुरुषांला गंगेवर धाडा."

"तू मेरे बेटे से लडरी, और मेरेकू देवल दिखाती?"

"भांडन त्येंच्याशी हाय. तुमच्याशी कशाचं?"

त्या हसल्या. साहेबांना निरोप गेला, आणि साहेब, पाटील, पहारवाले, गाडीवान सगळे दरड उतरून नदीकाठी गेले. मग आईसाहेब उतरल्या. त्यांनी चेहऱ्यावरचं कापड मागं टाकलं आणि मान वर करून शिखराकडं पाहिलं. मी कोणाला दाखवलं नव्हतं इतकं देऊळ त्यांना दाखवलं. आरसेवालीच्या बोटांतल्या अंगठ्या, काटेवालीच्या तोंडावरची कळ, हंसाची ताणलेली मान. ऊन नव्हतं, ढगांचा उजेड होता, तरी सगळं दिसत होतं. कडेवर पोर घेतलेलीपाशी त्या खूप वेळ थांबल्या, तिच्या गालावरून हात फिरवला. गोमुखापाशी आल्यावर मी म्हटलं, हितून पुढं ओलांडायचं नसतं, माघारी फिरायचं. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. आल्या वाटेनं माघारी फिरल्या आणि सगळ्या बायका उलट्या क्रमानं पुन्हा बघितल्या.

लिंपलेल्या दारासमोर येऊन त्यांनी विचारलं, "अंदर कौन है?"

"गिरजाई. आमच्या महादेवाची बायकू."

"अकेली?"

"नवरा हाय की सोबत. दोघांलाबी कोंडलंय म्या."

आता त्या मोठ्यानं हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग गंभीर झाल्या. दमणीत जाऊन बसल्या, पडदा ओढला आणि मुलाला बोलावून घेतलं. मी ऐकण्याइतकी जवळ होते. म्हणाल्या, "बेटा, इनके घर की सब बायां मैं देखी. एक अंदर पडदे में है. पडदेवाली कू खींचको बाहर लाते क्या? नक्को. उसकू वईंच रहने दे."

साहेबांनी एकदा लिंपलेल्या दाराकडं पाहिलं. मग "जी" एवढंच म्हणाले. पहारी गाडीत गेल्या, बैल वळले. मी त्या बाईंचं नाव विचारलं नाही, त्यांनी माझं विचारलं नाही, आणि त्या परत कधी आल्या नाहीत. त्यांच्या पश्चातही त्यांचा शब्द मोडायला कोणी आलं नाही. मी महादेवाला कोंडलं होतं. गिरजाई पडद्यात आहे, हे माझ्या डोक्यात आलेलं नव्हतं. ते त्यांना कोणी सुचवलं, याचं उत्तर ज्याचं त्यानं द्यावं.

दुपार कलली तसे ढग गंगेपलीकडं निघून गेले. थेंब पडला नाही. तरी गावाला धीर नव्हता, आताच्या आता उघड म्हणून सगळे मागं लागले. मी लिंपण उकरलं, दार लोटलं, पदर खोचून पाण्यात उतरायच्या बेतानं पायरीवर पाय ठेवला. खाली पाणी नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत. पिंडीभोवती बेलाची पानं वाळून चुरा झाली होती, म्हणजे पाणी कधीच गेलं होतं, कोंडलं त्याच दिवशी की काय. गोमुखातला बोळा जागच्या जागी. जुन्या दगडांच्या कोणत्या सांध्यातून ते गेलं, मला सांगता येणार नाही, आणि मी शोधलंही नाही. गिरजाई कोनाड्यात, ओटीचं कुंकू तसंच.

मला पहिल्यांदा संताप आला. सबंध गावाची भांडणं, आमच्या सोललेल्या टाचा, आणि इथं टिपूस नाही! वरून सासऱ्यांनी आवाज दिला, "पानी किती हाय गं?"

"न्हाई मामा. कायबी न्हाई."

वर उंबऱ्यावर काठी टेकली. मग म्हातारा सावकाश म्हणाला, "मग आतमदी कोंडून कोन ठिवलं व्हतं?"

मी पायरीवरच बसले. इतके दिवस मला वाटत होतं की दार मी धरलंय, पाणी मी भरलंय, त्याला मी भाग पाडलंय. माझं पाणी तर घटकाभरही टिकलं नव्हतं. उरलेला वेळ जो कोणी तिथं बसला होता, तो त्याच्या मर्जीनं बसला होता. शरण जायचं म्हणजे गप्प बसायचं, असं मला लोक सांगत आले, ते मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही. आपण दार अडवून बसायचं, भीती वाटली तरी उठायचं नाही. पुढचं आपल्या हातात नसतं, एवढं मात्र ओळखायचं. मी डोकं टेकवलं आणि म्हटलं, उठून गेला असतास तर आम्हाला कळलंही नसतं. बसलास, हे तुझे उपकार.