मॅडम हाईटवर हायत

ज्याला अन्न जात नाही, त्याच्या पुढ्यात हवालदार कधी ताट ठेवायचे नाहीत. हातभर लांब ठेवायचे, वर झाकण घालायचे आणि पाठ करून उभे राहायचे.

"बघू नका तिकडं. हात लागला तर लागला," असं समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायचे.

खंडाळ्याच्या आमच्या तहसील कचेरीत तुमच्यापैकी कुणी दाखल्याबिखल्यासाठी हेलपाटे घातले असतील, तर तुम्ही त्यांच्या हातचा वडा नक्की खाल्ला असणार. आवारात पत्र्याचं कॅन्टीन, त्यात तेलाची मोठी कढई आणि कढईसमोर पॉलिश केलेले काळे बूट घालून उभा असलेला मिशाळ माणूस. मूळचे कुंडलचे. फौजेच्या लंगरमध्ये, म्हणजे सैपाकघरात, उभी नोकरी काढलेली. बायको गेल्यावर गावात करमेना म्हणून त्यांनी हा ठेका घेतला आणि कॅन्टीनमागच्या खोलीतच मुक्काम ठोकला. त्यांना सगळे हवालदार म्हणायचे. मी हवालदारकाका म्हणायची.

माझं टेबल आवक-जावकचं. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, सही करायची आणि पुढं ढकलायचा. खिडकी नेमकी कॅन्टीनच्या तोंडाला. एरवी या जागेचा सगळ्यांना हेवा वाटायचा, कारण गरम वडा निघाला की पहिली खबर मला लागायची.

मला दिवस गेले आणि हीच खिडकी माझ्या मुळावर आली. सकाळी दहाला रश्श्याला लसणाची फोडणी बसायची आणि मी ओढणी तोंडाला लावून मागच्या नळाकडे पळायची. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. आपल्याकडे डोहाळ्यांसाठी गाणी आहेत, झोपाळे आहेत, फुलांचे दागिने आहेत. या पहिल्या तीन महिन्यांच्या उलट्यांसाठी मात्र कुणी काही करून ठेवलेलं नाही. नवरा कोइमतूरला, गलाईच्या दुकानावर. तो फोनवर म्हणायचा, तुला जे खावंसं वाटतं ते खा. मला जगात काहीच खावंसं वाटत नव्हतं, हे त्याला कितीदा सांगितलं तरी कळत नव्हतं.

आणि हे सगळं मला लपवायचं होतं. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात एकदा सगळं संपलं होतं. तेव्हा मी विट्याला सासरी होते. विट्याची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. दिवस राहिल्याची बातमी आधीच सगळीकडे पोचली होती, त्यामुळे पुढचीही पोचली. पंधरा दिवस कोचीपासून सिलिगुडीपर्यंतच्या चुलत-मावस नात्यांचे सांत्वनाचे फोन येत होते. एका आत्याबाईंनी तर मी जेवायला बसलेली असताना व्हिडिओ कॉल लावून रडून घेतलं. ते मला पुन्हा सोसलं नसतं. म्हणून या वेळी तीन महिने होईपर्यंत नवरा सोडून कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं आणि भाड्याच्या खोलीत एकटीच राहिले.

हवालदारांना मी सांगितलं नव्हतं. मी तीन दिवस चहा तसाच ठेवला आणि चौथ्या दिवशी नळापाशी त्यांनी मला पाहिलं. दुपारी स्टीलचा झाकणाचा डबा घेऊन आले, टेबलाच्या पार टोकाला ठेवला आणि पाठ फिरवली.

"मॅडम, हाईटवर गेलायसा जनू."

मी म्हटलं, म्हणजे काय? मग कळलं. फौजेत माणूस एकदम उंचावरच्या चौकीवर गेला की त्याची भूक मरते. डोकं गरगरतं, स्टोव्हच्या वासानं ढवळतं, पुढ्यात मटण असलं तरी नको होतं. अशा जवानांना खायला घालण्यात हवालदारांची निम्मी नोकरी गेली होती. बाईमाणसाच्या गोष्टीवर बोलायची त्यांना लाज होती. मग त्यांनी माझ्या पोटातलं पोर थेट बर्फात नेऊन ठेवलं. पुढचे सगळे दिवस त्यांनी 'हाईट' याशिवाय दुसरा शब्द वापरला नाही.

पहिल्या डब्यात शंकरपाळे होते. फौजेत ते शकरपारे म्हणतात आणि त्यांच्या मते त्यावर अख्खी पलटण डोंगर चढते. माझ्या पोटातून ते पाच मिनिटांत परत आले. संध्याकाळी डबा न्यायला आले तेव्हा विचारलं, "रिपोर्ट?" मी मान हलवली. त्यांचा चेहरा पडला. शकरपारे परत आल्याचं त्यांच्या नोकरीत कधी झालं नसावं.

मग रोज एक डबा आणि रोज एक रिपोर्ट. लिंबाचं सरबत परत. बिस्किट अर्धं राहिलं, अर्धं परत. उकडलेला बटाटा कोमट होता म्हणून परत, तोच दुसऱ्या दिवशी माठाशेजारी ठेवून गार केला तर तासभर टिकला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला.

"गरम बोलतं, मॅडम. गार गप बसतं. आपल्याला गप बसणारं पायजे."

तेव्हापासून डब्यात फक्त गप बसणारं येऊ लागलं. गार दहीभात. माठात ठेवलेले उसाचे करवे. मीठ लावलेल्या ज्वारीच्या लाह्या. लाह्यांची तर त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून वेगळी सोय केली. ती पुडी उशाशी ठेवायची, आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पडल्या पडल्या, दहा-बारा लाह्या चावून खायच्या. पाय जमिनीला लागायच्या आत पोटात काहीतरी गेलं पाहिजे, ही त्यांची ऑर्डर होती. मी पाळली आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा कोरडी उलटी न होता दात घासले.

मला स्वतंत्र डबा जातो हे आमच्या अव्वल कारकुनांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी हवालदारांना खोदून विचारलं. हवालदार खोटं बोलायचे नाहीत, पण फुटणारेही नव्हते. ते म्हणाले, मॅडम हाईटवर हायत. अव्वल कारकुनांनी त्याचा त्यांच्या परीनं अर्थ लावला. दुपारपर्यंत माझी महाबळेश्वरला बदली झाल्याचं कचेरीभर झालं. एकानं माझ्या टेबलासाठी विनंती अर्ज केला, तो मीच शिक्का मारून आत पाठवला. दुसऱ्यानं तिकडं क्वार्टर मिळतं का ते विचारलं. नाही म्हणावं तर मग डबा कशाचा ते सांगावं लागणार. मी आपली "अजून ऑर्डर नाही" एवढंच म्हणत राहिले.

गंमत सोडा, माझी अवस्था वाईट होती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन तीन किलो उतरलंय, पुढच्या मंगळवारी आणखी उतरलं तर साताऱ्याला दाखल करून सलाईन लावावं लागेल. दाखल झाले की विट्याला कळणार आणि विट्याला कळलं की देशाला. पण खरी भीती ती नव्हती. आदल्या वेळीही असंच वजन उतरलं होतं. दोन्हीचा संबंध नाही असं डॉक्टरबाई म्हणायच्या आणि मला ते पटायचं नाही. मी मंगळवारबद्दल हवालदारांना सांगितलं. त्यांनी फक्त कुठला मंगळवार एवढं विचारून घेतलं.

त्याच आठवड्यात मला उतार पडला. सकाळचं नळाकडे पळणं थांबलं. दहाला टेबलावर बसायची ती एकपर्यंत बसून राहायची. लाह्यांनी किमया केली असं मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. कचेरीत कोण काय बोलतंय याकडे माझं तेव्हा लक्षच नव्हतं. कागद यायचे, मी शिक्का मारायची, न वाचता पुढं ढकलायची आणि दुपारच्या डब्याची वाट बघायची.

मंगळवारी वजन दोनशे ग्रॅम वाढलेलं निघालं. येताना कॅन्टीनवरून आले. हवालदार वाटाणे निवडत होते.

"रिपोर्ट?"

"दोनशे ग्रॅम वाढलं, काका."

त्यांनी वाटाण्यांची परात खाली ठेवली, पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. मी विचारलं की तुम्हाला हे सगळं इतकं नेमकं कसं ठाऊक. मला वाटलं, ते पलटणीचं काहीतरी सांगतील.

"आमच्या हिच्या टायमाला मी वर हुतो. दोनशे जणांचं रांधत हुतो बगा. तिनं ते तीन महिनं काय खाल्लं, कुनी करून घातलं, मला म्हाईत न्हाई. पत्र याचं, सगळं ठीक हाय. मीबी खरं मानलं." टेबल पुसायचं थांबलं नव्हतं. "पोरगं ऱ्हायलं न्हाई तवा. आता इचारायला हीबी न्हाई."

मी तिथल्या बाकावर थोडा वेळ बसले आणि उठून टेबलावर गेले.

चौथा महिना लागला. सोनोग्राफीत सगळं ठाकठीक निघालं. मग विट्याला कळवलं, देशभर बोभाटा झाला, बदलीची बातमी खोटी ठरली आणि अव्वल कारकून महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. हवालदारांनी डबा बंद केला. आता मी कॅन्टीनमध्ये चार जणांत बसून वडा-रस्सा खात होते. गणपतीच्या आधी रजेवर गेले आणि दसऱ्यानंतर मुलगी झाली.

रजा संपवून परत आले त्या दिवशी मुलीचे फोटो दाखवायला आधी कॅन्टीनकडे गेले. तिथं दुसराच माणूस होता. गणपतीत ठेक्याची मुदत संपली, हवालदारांना पुन्हा मिळाला नाही, ते कुंडलला गेले, असं शिपायानं सांगितलं. का मिळाला नाही ते त्याला माहीत नव्हतं.

ते मला पंधरवड्यानं समजलं. साहेबांनी कॅन्टीनची फाईल मागवली, ती काढता काढता वरचाच कागद हातात आला. उपाहारगृहाबाबत तक्रार. सकाळी साडेअकरापर्यंत वडा, पोहे, रस्सा किंवा फोडणीचा कोणताही पदार्थ मिळत नाही, विचारणा केली असता गॅस बंद असल्याचे सांगण्यात येते, हा प्रकार सुमारे महिनाभर सुरू आहे, तरी मुदतवाढ देऊ नये. खाली अकरा सह्या. कोपऱ्यात आवक शिक्का, नंबर, आणि सही माझी.

मी तारीख पाहिली. त्या महिनाभरात दहाची फोडणी माझ्या खिडकीतून एकदाही आली नव्हती आणि मला पडलेला उतार मी लाह्यांच्या नावावर जमा केला होता. मला भर कचेरीत रडू आलं. शिपायाकडून नंबर घेतला आणि मागच्या नळापाशी जाऊन फोन लावला. हवालदार शेतात होते. उसाला पाणी चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मुलीचं ऐकून लय बरं वाटलं म्हणाले, तिचं वजन विचारलं. मग मी अर्जाचं सांगितलं. तो माझ्या हातून गेला, मी वाचलासुद्धा नाही, वाचला असता तर साहेबांपुढं जाऊन उभी राहिले असते, असं एका दमात सगळं बोलले.

पलीकडे फावडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मॅडम, अर्ज खरा हुता," हवालदार म्हणाले. "वडा मिळत न्हवता."