वरची चार बोटं

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना मानणारी बाई नाही. आमच्या सिरसाळ्यात कुणाला चिंचेखाली काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला — जेवला होता का तो? पोटात काही नसलं की माणसाला काहीही दिसतं. या सदरातले अनुभवही मी दुपारी चहा घेत वाचते आणि बऱ्याचदा हसते, राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्याच घरात, दिवसाउजेडी, टीव्हीच्या पडद्यावर घडली... आणि तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

गावात ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं तेव्हाची गोष्ट. परळी-तेलगाव रस्त्याला आमचं कापडाचं दुकान, आणि दुकानाच्या मागं घर. हे — म्हणजे माझे मिस्टर — जाऊन काही महिने झाले होते. दुकान धाकटे दीर बघत होते. एकुलता एक मुलगा बसवराज, आमचा बसू, पुण्यात कंपनीत. घरात मी एकटी. सकाळची लिंगपूजा झाली की दिवस संपल्यासारखा वाटायचा. एकटीचा स्वयंपाक तो काय करायचा? टीव्हीवर मालिका लागायच्या, पण त्यातल्या बायका दागिने घालून झोपतात, मला त्यांचा वैताग यायचा.

बसूचा रोज फोन यायचा. "जेवलीस का?" "हो. तू?" "हो." मग दोघंही गप्प. दोघांच्या मनात विषय एकच, आणि तो कुणीच काढायचा नाही. "ठेवू?" "ठेव." झालं! फोन ठेवला की घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. खरं सांगते, कधीकधी वाटायचं की यानं फोन केलाच नसता तर बरं झालं असतं.

दिवाळीला आला तो एक काळा डबा घेऊन.

"आई, गेम आणलाय तुझ्यासाठी."

"मी काय लहान लेकरू हाय का?"

"अगं, खेळून तर बघ. मी पुण्यातून खेळतो, तू इथून खेळ. दोघं एकाच गावात असल्यासारखं वाटंल."

हे शेवटचं वाक्य त्यानं टीव्हीच्या मागं वायर खोचता खोचता, माझ्याकडं न बघता म्हटलं. म्हणून मी बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या गेममध्ये एक मोठा मुलूख असतो — डोंगर, नद्या, जंगल, बाजाराची गावं. देशोदेशीचे लोक आपापल्या घरून नेटवर त्यात येतात. प्रत्येकाचा एक बाहुला, आणि तो आपला आपण सजवायचा. बसूनं माझ्यासाठी आधी पिवळ्या केसांची, हातात तलवार घेतलेली एक पोरगी काढली. मी म्हटलं, "ही कोण? हिला आधी अंगभर कपडे घाल." मग ठेंगणी केली, केस पांढरे केले, पोट जरा जास्तच झालं ते कमी करायला लावलं. चेहरा रंगवायच्या जागी तीन आडव्या पांढऱ्या रेघा सापडल्या. भस्मच की हे! तेवढं लावलं आणि मला ती बाई आपली वाटायला लागली. बसूचा बाहुला मात्र उंच, दाढीवाला. खरा बसू उंचही नाही आणि दाढीही धड येत नाही त्याला.

पहिले काही दिवस मी नुसती भिंतींना धडकत होते. मग हात बसला. बसूचं ऑफिस सुटलं की आम्ही त्या मुलखात भेटायचो. लाकडं तोडायची, मासे धरायचे, बाजारात वस्तूंची अदलाबदल करायची. बोलायला वेगळा माईक लागायचा, तो आमच्याकडं नव्हता. त्यामुळं सगळा हातवाऱ्यांचा कारभार — हात हलव, टाळी वाजव, वाकून नमस्कार कर, खाली बस. एक नदी होती, तिच्या काठावर आम्ही मायलेक नुसते बसून राहायचो. जेवलीस का, असं कुणी विचारायचं नाही. मी सुखात होते तेव्हा. गेमचं वेड लागलं म्हणून धाकटी जाऊ शकू हसायची, हसू दे.

अशात तो आला.

बाजाराच्या चौकात उभा होता. साधे पांढरे कपडे, नव्या माणसाला गेम देतो तेच. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव तरंगत असतं, याच्या डोक्यावर काही नव्हतं. मला कापड हवं होतं, कारण पुढच्या बर्फाच्या डोंगरावर जायचं तर घोंगडीसारखं एक जाड पांघरूण शिवावं लागतं. त्याच्याकडं कापड होतं. अदलाबदलीची खिडकी उघडली, मी लाकडं ठेवली, मी मागितलं तेवढं कापड त्यानं ठेवलं, दोघांनी बटण दाबलं. सौदा झाला. मी वळले... तर त्यानं पुन्हा खिडकी उघडली आणि सौद्याच्या वर एक कापड ठेवलं. बदल्यात काही मागितलं नाही.

मला वाटलं, नवीन आहे, चुकलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सौदा पुरा झाल्यावर, मी पाठ फिरवल्यावर, वर एक. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी खेळायचा कंट्रोलर हातातून खाली ठेवला.

आता हे तुम्हाला कळायचं तर ह्यांची कापड कापायची पद्धत सांगायला हवी. लोखंडी मीटरपट्टीनं कापड मोजताना बरेच दुकानदार अंगठा आत सरकवतात, तेवढंच त्यांचं वाचतं. हे उलट करायचे. भाव ठरला, कापड मोजून झालं, गिऱ्हाईक दुसरीकडं बघायला लागलं, की पट्टीच्या टोकाला आपली चार बोटं आडवी ठेवायचे आणि बोटांच्या पलीकडून कात्री लावायचे. बोलून दाखवायचे नाहीत. बसू कॉलेजात असताना एकदा म्हणाला, "अप्पा, अशानं दुकान बुडंल." तर हसून म्हणाले होते, "गिऱ्हाईक घरी जाऊन मोजतंय रे. तवा जरा जास्त निघालं की त्याला आपली याद येती."

आणि अजून एक. रस्त्यात दिसला की तो पांढरा माणूस माझ्यापुढं चालायचा, वळणावर थांबायचा आणि मी जवळ आले की पुन्हा चालायला लागायचा. थांबायचा, पण मागं वळून बघायचा नाही. कपिलधारच्या जत्रेत, लग्नाकार्यात, हे जन्मभर माझ्यापुढं असेच चालले. त्या पाठीला मी किती बोलले असेन त्याला हिशोब नाही.

मला भीती वाटली नाही, राग आला. वाटलं, हा बसूच! दुसरं काहीतरी खातं उघडून आईचं मन रमवायला निघालाय. मी सरळ फोन लावला.

"तूच हायस ना त्यो? बापाचं सोंग घेतलंस?"

"कोण? कशाचं सोंग?"

"मग सौद्यावर वर कोण टाकतंय? हे तुला न्हाईतर कुणाला ठाऊक हाय?"

त्यानं तिकडं खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "मलापण दिलं त्यानं. मला वाटलं तूच कुणाला तरी शिकवून ठिवलंस. मला लई राग आला होता तुझा. कावून असं करतीस म्हणून विचारणार होतो."

"मी? मला बाजारात धड वळता येत न्हाई अजून!"

"आई, मला न्हाई जमत हे. अप्पांचं असं काही करायचं असंल तर मी न्हाई खेळणार." आणि ठेवला त्यानं फोन.

हे गेल्यापासून आम्हा दोघांत त्यांचं नाव पहिल्यांदा निघालं, आणि ते भांडणात. त्यानंतर बसू गेममध्ये आला नाही. फोन यायचा, पण "जेवलीस का"च्या पुढं जायचा नाही. मी एकटीच नदीकाठी जाऊन बसायची. शेजारून कोण कुठले लोक पळत जायचे, एखादा हात हलवायचा. तो पांढरा माणूसही दिसेना. घरात एकटं असणं निराळं आणि हजार माणसांच्या मुलखात एकटं असणं निराळं. मला तर दुसरं जास्त जड गेलं.

मग ह्यांचं पहिलं पुण्यस्मरण आलं. बसू आला. सकाळी मळ्यात समाधीवर पूजा झाली, जंगम महाराज जेवून गेले, पाहुणे पांगले. दुपार कलली तेव्हा घरात आम्ही दोघंच उरलो.  मी संध्याकाळसाठी कणीक मळायला घेतली, परातीसकट टीव्हीसमोरच येऊन बसले. त्यानं खोलीभर इकडंतिकडं बघितलं आणि शेवटी गेम लावला. माझीच बाहुली घेऊन फिरायला लागला.

"आज कुणीच कसं न्हाई?" तो म्हणाला.

खरंच, सगळा बाजार ओस. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. चौकात तो एकटा उभा होता, पांढऱ्या कपड्यातला.

मी कणीक मळत राहिले. बसूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खिडकी उघडली. लाकडं ठेवली, चार कापडं मागितली. चार मिळाली. बटण दाबलं, वळला. खिडकी पुन्हा उघडली. वर एक.

बसू माझ्याकडं वळला. "आई... तू काय करायलीस?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. कोपरापर्यंत कणीक. "तुझ्या हातात काय हाय?" मी विचारलं. त्याच्या हातात माझाच कंट्रोलर होता. त्याचा स्वतःचा काळा डबा पुण्याच्या खोलीत, कुलपात.

तेवढ्यात दारातून शकू आली. "अक्का, तुमचा फोन चालू हाय का? सकाळधरनं सगळ्या गावाचा बंद हाय. रस्ता खोदताना केबल तुटली म्हणं."

"आमचं तर नेट चालू..." बसू म्हणाला आणि उठला. रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग माझ्या कानाला लावला. आत काही नव्हतं, ती घूं घूं सुद्धा नाही. नेट त्याच तारेतून यायचं, आणि फोनखालच्या मोडेमचा नेटचा दिवा विझलेला होता.

शकूला काही कळलं नाही, ती गेली. आम्ही पडद्याकडं बघितलं. तो आता चौकात नव्हता. पुढं, वेशीपाशी, आमच्याकडं पाठ करून थांबला होता.

बसू एकदम हळू आवाजात म्हणाला, "अप्पा असंच थांबायचे."

मी कणकेच्या हातांनी तसाच कंट्रोलर घेतला. खरं सांगते, मी त्याच्या मागं जाणार होते. पण बसूनं माझा पदर धरला. लहानपणी दुकानात गर्दी झाली की धरायचा तसा. मग मी तिथूनच वाकून नमस्कार करायचं बटण दाबलं. पडद्यावरची ठेंगणी बाई वाकली. तो वळला नाही. थोडा वेळ थांबला आणि वेशीतून निघून गेला. मग पडदा काळा झाला आणि नेट नसल्याची सूचना आली. ती खरं तर पहिल्यापासून यायला हवी होती.

बसू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. त्याच्या केसांना कणीक लागली. वर्षभर त्यानं जे गिळलं होतं ते सगळं तेव्हा बोलला — शेवटी दवाखान्यात पोचायला उशीर झाला ते, अप्पांना शेवटचं काय म्हणाला ते. मीही बोलले. दिवेलागण कधी झाली कळलं नाही, कणीक तशीच वाळून गेली.

काही दिवसांनी केबल जोडली. मी गेम लावला, बाहुलीची पिशवी उघडली. त्या दिवशीची चार कापडं होती, आणि वरचं एक होतं. बसूनं त्या गेमच्या साईटवर विचारून बघितलं. लोक म्हणाले, बिननावाचा खेळाडू असूच शकत नाही. मग त्यानंच मला काहीबाही समजावलं की गेमनं आधीचं काही साठवून ठेवलं असेल, डब्यात बिघाड असेल. इंजिनिअर आहे तो, त्याला काहीतरी म्हणायलाच हवं. मी हो म्हटलं. पण त्याचं त्यालाच पटलेलं नाही, हे मला कळतं. तो पांढरा माणूस पुन्हा कधी आला नाही. ती कापडं मी वापरली नाहीत, त्यामुळं माझी बाहुली अजून बर्फाच्या डोंगराच्या अलीकडंच आहे.

तुमच्यापैकी कुणाला उलगडा माहीत असेल तर सांगा. मला नाही.

बसूचा फोन अजून रोज येतो. "जेवलीस का?" "हो. तू?" "हो." "ठेवू?" "ठेव." आणि मग तो ठेवत नाही. घरमालकाचं कुत्रं आज काय चावलं ते सांगतो, अप्पांनी एकदा जत्रेत त्याला खांद्यावर घेतलं होतं त्याची गोष्ट सांगतो, कधी नुसताच थांबतो. मी काही बोलून दाखवत नाही, तेही दाखवत नव्हते. फोन ठेवला की घर रिकामंच असतं. पण मी एकटीच बसून मोजते, तेव्हा जरा जास्त निघतं.